एकट्यानं केलेले एकशे आठ प्रयोग

आप्पासाहेब साळुंके यांना आयुष्यात एकच दुःख होतं, आणि ते त्यांनी भेटेल त्या माणसाला सांगितलं होतं. औरंगाबादच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. परीक्षानळ्या धुतल्या, ॲसिडनं शर्टांची चाळण करून घेतली, प्राध्यापकांचे फसलेले प्रयोग संध्याकाळी गुपचूप नीट करून ठेवले. त्या प्रयोगांवर तीन प्राध्यापक डॉक्टर झाले. तिघांच्याही प्रबंधात आईवडिलांचे आभार होते, गुरुजनांचे होते, इतकंच काय, टायपिस्टाचेही होते. साळुंके हे नाव मात्र भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. "टायपिस्टाचं नाव हाय, अन् माझं नाय," असं म्हणून ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचे. ऐकणाऱ्याला चहा घेतल्याशिवाय उठता यायचं नाही.

रिटायर झाल्यावर माणूस एकतर देवाच्या नादी लागतो नाहीतर वर्तमानपत्राच्या. आप्पासाहेब दुसऱ्याच्या लागले. शहरातल्या एका साप्ताहिकात ते लहान मुलांसाठी सदर लिहू लागले: स्वयंपाकघरातले गमतीचे प्रयोग. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकून बाटलीवर फुगा कसा फुगतो, मिठाच्या पाण्यात बटाटा कसा तरंगतो, कणकेचा गोळा नळाखाली धुतला की हातात रबरासारखं काय उरतं. पोरांना सदर लई आवडलं. पडेगावच्या त्यांच्या घरी पोस्टकार्डं यायला लागली. कार्डांवर 'आदरणीय शास्त्रज्ञ आजोबा' असं लिहिलेलं असे, आणि आप्पासाहेब ती कार्डं पोस्टमनकडून घेतल्यावर फाटकातच उभ्यानं वाचत, म्हणजे रस्त्यावरच्या चार लोकांना दिसावं.

आता ह्या प्रयोगांची खरी हकीकत सांगायला पाहिजे, कारण आप्पासाहेबांनी ती कधी सांगितली नाही. स्वयंपाकघरात आप्पासाहेब आयुष्यात फक्त पाणी प्यायला गेले होते, आणि तेही माठ दाराशी होता म्हणून. प्रयोग व्हायचे ते असे. आप्पासाहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पाय घेऊन बसत आणि तिथून ओरडत, "अगं, ह्या वेळेला काय लिहू?" आतून त्यांची बायको वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो ते लिहा. अन् लिंबू पिळलं की परत पिवळा होतो." आप्पासाहेब म्हणत, "खरंच होतो का?" मग वच्छलाबाई हात धुऊन, कागदाला हळद चोपडून, साबण लावून तो लाल झालेला कागद त्यांच्या नाकासमोर आणून धरायची. आप्पासाहेब चष्मा वर करून बघत आणि लिहीत: 'मला एकदा असे आढळून आले की...'

वच्छलाबाई चौथी शिकलेली, सिल्लोडकडच्या शेतकऱ्याची लेक. पण हाताला आणि डोळ्याला अशी तरबेज, की दुधात पीठ मिसळलंय का, विरजण आंबट का झालं, डाळ शिजेना तर पाण्यात दोष आहे की डाळीत, हे बघून सांगायची. कणीक धुवून बघायची अक्कल तिची. विरजण नसलं तर मिरचीच्या देठांनी दही लावायचं तिनं करून दाखवलं, आणि आप्पासाहेबांनी त्यावर दीड पान लिहिलं. सहा वर्षांत असे एकशे आठ प्रयोग झाले. एकशे आठच्या एकशे आठ आतल्या खोलीत झाले, आणि सगळेच्या सगळे बाहेरच्या खोलीत लिहिले गेले.

वच्छलाबाईनं त्याचं कधी काही वाटून घेतलं नाही. उलट पोरांची पत्रं आली की ती दोनदा वाचायला लावायची. एखाद्या पोराचा प्रयोग बिघडला असला तर "त्याला म्हणावं लिंबू ताजं घे" असा निरोप द्यायची. आप्पासाहेब तो निरोप स्वतःच्या सहीनं पाठवत.

फेब्रुवारीत चिकलठाण्याच्या एका शाळेनं विज्ञान दिनाचा कार्यक्रम ठरवला. त्या साली विज्ञान दिन रविवारी आला होता, म्हणून पालकही येणार होते. मुख्याध्यापक बद्रीनाथ सर स्वतः घरी आले. म्हणाले, "आप्पासाहेब, तुमचा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. आणि मुलांसमोर तुमच्या हातचे तीन प्रयोग. वर्तमानपत्रवालेही बोलावलेत." आप्पासाहेबांना त्या रात्री झोप आली नाही. त्यांना तीनही प्राध्यापक डोळ्यांसमोर दिसत होते, आणि तिघांच्याही हातात वर्तमानपत्र होतं.

निमंत्रणपत्रिकेत छापायचा परिचय आप्पासाहेबांनी स्वतःच लिहून दिला. पत्रिका छापून आली तेव्हा वच्छलाबाई लसूण सोलत होती. तिनं हात पुसून पत्रिका घेतली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली. 'स्वतःच्या घरातील प्रयोगशाळेत, कोणाच्याही मदतीशिवाय, एकट्याने एकशे आठ प्रयोग सिद्ध करणारे ज्येष्ठ विज्ञानप्रेमी.' वाचून झाल्यावर तिनं पत्रिका जिथली तिथं ठेवली आणि उरलेला लसूण सोलला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी भावाकडं जाऊन येते. मक्याची सोंगणी हाय."

"सोंगणी? रविवारी माझा कार्यक्रम आहे की."

"तुमचा हायच. माझं तिथं काय काम?"

आप्पासाहेब शेतकऱ्याच्या पोटचे. खरिपाचा मका दिवाळीच्या आसपास निघतो आणि फेब्रुवारीत मेहुण्याच्या रानात हरभऱ्याशिवाय काही नसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कुठंतरी काहीतरी चुकतंय एवढं त्यांच्या ध्यानात आलं. शास्त्रज्ञानं अशा ठिकाणी थांबून चौकशी करायची असते. आप्पासाहेबांनी तिला रिक्षा आणून दिली.

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. सिल्लोडच्या बसस्टँडवरच्या एसटीडी बूथमधून वच्छलाबाई बोलत होती.

"जेवलात का?"

"शेजारून डबा आला होता. तू कशाला फोन केला?"

"उद्याचं सामान घेतलं का ते इचारायला. अवं, डबे उघडून बघून घ्या. हाताला लावून बघा, वास घेऊन बघा. लेबलावर जाऊ नका."

हे लेबलाचं प्रकरण असं. निजामाच्या राज्यात आप्पासाहेबांच्या पहिल्या इयत्ता उर्दूत झाल्या होत्या. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली तेव्हा त्यांनी नव्यानं बाराखडी गिरवली, आणि अशा जिद्दीनं गिरवली की अक्षर मोत्यासारखं झालं. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातल्या चोवीस डब्यांना त्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते, मग घरात का नसावी, असं त्यांचं म्हणणं. वच्छलाबाईनं विरोध केला नाही. पण स्वयंपाकघरातल्या डब्यांची रीत काय असते हे ज्यानं फडताळ उघडलंय त्यालाच कळतं. डाळ संपली की तो डबा रिकामा होतो, मग पीठ दळून येतं ते त्यात जातं. ज्याचं झाकण घट्ट त्यात सोडा, ज्याला मुंग्या लागत नाहीत त्यात साखर, आणि पाहुणे येणार असले की सगळ्यांचीच अदलाबदल. सहा वर्षांत एकही वस्तू आपल्या नावाच्या डब्यात उरली नव्हती. वच्छलाबाईला अंधारातही कशात काय आहे ते ठाऊक होतं. चिठ्ठ्या मात्र तशाच होत्या, कारण त्या नवऱ्यानं लावल्या होत्या.

"लेबलावर जाऊ नको म्हणजे?" आप्पासाहेब फोनवर चिडले. "मी लावलेली लेबलं आहेत ती. बत्तीस वर्षं लॅबमध्ये काय झक मारली का मी?"

"तसं नाय म्हणत. ऐका तरी, सोडा हाय ना, तो..."

"तू तुझा मका सोंग," असं म्हणून आप्पासाहेबांनी फोन ठेवला. ठेवल्यावर त्यांना बरं वाटलं. खरं तर सराव करून बघायला काही हरकत नव्हती. पण जे सहा वर्षं छापून आलं त्याचा सराव करायचा म्हणजे स्वतःवरच अविश्वास, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी ते लग्नाआधी दाखवायला नेलेल्या नवरीसारखे बावचळत स्वयंपाकघरात शिरले. फडताळावर त्यांचं अक्षर ओळीनं चमकत होतं. 'खाण्याचा सोडा': उघडला, आत पांढरी भुकटी. घेतली. 'हळद': आत पिवळी भुकटी. थोडी फिकट होती, पण हळद जुनी झाली की रंग उडतो असं अनुमान त्यांनी उभ्या उभ्या काढलं. 'मीठ': आत पांढरे बारीक दाणे. तेही घेतलं. बटाटे आणि लिंबं टोपलीत दिसत होतीच, त्यांना चिठ्ठीची गरज नव्हती. साबण न्हाणीतला घेतला. मुलांना जाता जाता आणखी एक गंमत दाखवावी म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली आयोडीनची बाटलीही पिशवीत टाकली.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. पुढं सतरंजीवर दोनेकशे मुलं, मागं खुर्च्यांवर पालक, स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब आणि त्यांच्या बाजूला आप्पासाहेब. शाल पांघरली गेली, नारळ हातात आला, मानपत्र वाचलं गेलं. 'कोणाच्याही मदतीशिवाय' हे शब्द बद्रीनाथ सरांनी दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा माईक खरखरला होता. आप्पासाहेबांना दोन्ही वेळा सारखंच बरं वाटलं.

मग ते प्रयोगाच्या टेबलापाशी आले. बाटलीत लिंबाचा रस ओतला, फुग्यात सोड्याच्या डब्यातली भुकटी भरली, फुगा बाटलीच्या तोंडाला चढवला आणि म्हणाले, "बालमित्रांनो, आता हा फुगा आपोआप फुगेल." भुकटी रसात पडली. फुगा आडवा पडून राहिला. आप्पासाहेबांनी बाटली हलवली. फुगाही हलला. "थोडा वेळ लागतो," ते म्हणाले. आपल्या लेखात त्यांनी 'क्षणार्धात' असं लिहिलं होतं, आणि ते पोरांना पाठ होतं.

"तोवर दुसरा बघू." हळदीच्या डब्यातली पूड पाण्यात कालवून त्यांनी कागदाला फासली आणि वर साबणाचं पाणी लावलं. कागद लाल व्हायला पाहिजे होता. तो पिवळा होता, पिवळाच राहिला, वर थोडा फेस आला. मागच्या पालकांतून कुणीतरी खोकलं. आप्पासाहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी घाईघाईनं ग्लासात पाणी घेतलं, मिठाच्या डब्यातले चार चमचे टाकून ढवळले आणि बटाटा सोडला. बटाटा सरळ तळाला जाऊन बसला.

वर्तमानपत्रवाला वहीत काहीतरी लिहीत होता. आप्पासाहेबांना पहिल्यांदाच वाटलं, की आत्ता वच्छला इथं असती तर निभावलं असतं. तिनं एका नजरेत सांगितलं असतं. त्यांनी खरोखरच मागं वळून बघितलं, तर मागं नुसता पडदा होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "आजोबा, तो सोडा नसंल. पीठ असंल. तुमच्या एकतिसाव्या प्रयोगात हाय ना, पिठावर आयोडीन टाकलं की निळं होतं. टाकून बघू का?"

परवानगीची वाट कोण बघतंय. पोरगी स्टेजवर आली, पांढऱ्या भुकटीवर आयोडीनचा थेंब टाकला आणि भुकटी काळीनिळी झाली. "तांदळाचं पीठ," तिनं जाहीर केलं. पाठोपाठ चार पोरं चढली. हळदीचा डबा हुंगून एकानं सांगितलं, "हे तर बेसन," आणि त्यावर थेंब टाकून तेही काळंनिळं करून दाखवलं. दुसऱ्यानं ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि हसायलाच लागला. मीठ कसलं, साखर होती. कुणीतरी त्यात उरलेलं लिंबू पिळलं, बटाटा काढून टाकला, आणि सरबत घोटघोट वाटून संपलं. पोरं ओरडत होती, पालक उभे राहून बघत होते. सहा वर्षांचं सदर पोरांनी नुसतं वाचलं नव्हतं, घराघरात करून बघितलं होतं.

तात्यासाहेबांनी माईक हातात घेतला. "वा, आप्पासाहेब. मुद्दाम चुकीचे डबे आणून मुलांकडूनच शोधून घेतलंत. असली शिकवण्याची तऱ्हा आम्ही जन्मात पाहिली नव्हती."

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं, की असं काही नाही, माझी फजिती झाली होती. पण टाळ्या इतक्या वाजल्या, की त्यांनी तोंड मिटलं आणि मान झुकवून नमस्कार केला. कपाळावरचा घाम लोकांना विनयासारखा दिसला.

बद्रीनाथ सर म्हणाले, "मुलांच्या वतीनं एकच प्रश्न विचारतो. हे एकशे आठ प्रयोग तुम्हाला सुचले कसे? घरात कुणी मदतीला होतं का? कुणाचं मार्गदर्शन?"

माईक आप्पासाहेबांच्या तोंडापाशी आला. आणि खरं सांगायचं तर तिचं नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं. बरोबर 'व' पर्यंत आलं होतं. पण अंगावर शाल होती, समोर वर्तमानपत्रवाला पेन सरसावून बसला होता, आणि बायकोनं सांगितलं नि आपण लिहिलं असं म्हटलं, तर उद्या कॉलेजातले ते तिघं काय हसतील, हे त्यांना स्पष्ट दिसलं. लॅबवाला लॅबवालाच राहिला, म्हणतील. त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"कोणी नाही," आप्पासाहेब म्हणाले. "फक्त निरीक्षण. डोळे उघडे ठेवले की स्वयंपाकघरच आपला गुरू होतं."

वर्तमानपत्रवाल्यानं ते वाक्य पुन्हा सांगायला लावून नीट उतरवून घेतलं.

जेवणं झाली, पोरं पांगली, मंडपवाल्यांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली. आप्पासाहेब शालीची घडी घालत होते तेव्हा शाळेचा शिपाई फकिरा एक कापडी पिशवी घेऊन आला.

"साहेब, ही एका बाईनं दिली तुमच्यासाठी."

पिशवी आप्पासाहेबांनी लांबूनच ओळखली. बाजारची पिशवी, एक बंद तुटून गाठ मारलेली. आत तीन पुड्या होत्या. आप्पासाहेबांनी एकेक सोडून बघितली. सोडा, हळद, मीठ. खाली चार लिंबं, दोन बटाटे, आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी.

"कधी आल्या होत्या?"

"यायला उशीर झाला म्हणत व्हत्या. सिल्लोडहून पहिल्या गाडीनं निघाल्या, पण गाडी फुलंब्रीला बंद पडली. पळतच आल्या बघा आत, घामानं भिजल्या व्हत्या. तव्हा पोरं वर स्टेजवर चढली व्हती. म्या म्हणलं बसा, तर बसल्या नाय. खांबापाशी उभ्या राहून हसत व्हत्या नुसत्या." फकिरानं खुर्चीवर खुर्ची चढवली. "मग सरांनी तुम्हाला इचारलं ना, घरात कोणी मदतीला व्हतं का म्हणून, तव्हा जरा पुढं सरकल्या. पदर नीट केला."

आप्पासाहेबांनी सोडलेल्या पुड्या परत बांधायला घेतल्या.

"मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीबी वाजवल्या. अन् पिशवी माझ्या हातात देऊन निघाल्या. म्या इचारलं, साहेबांना काय सांगू, कोण आली व्हती? तर म्हणल्या, साहेबांनी आत्ताच सांगितलं की माईकवर."

मंडपात आता ते दोघंच होते. माईकवाला वायर गुंडाळून कधीच गेला होता.

"कोण व्हत्या, साहेब?" फकिरानं विचारलं.

आप्पासाहेबांनी पिशवीचा गाठ मारलेला बंद मनगटाला अडकवला. "माझी बायको," ते म्हणाले. "ते सगळे प्रयोग तिचे आहेत. एकशे आठच्या एकशे आठ."

फकिरानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघितलं.

"मग आधी सांगायचं नाय का, साहेब," तो म्हणाला. "पुढं बसवलं असतं."